एकाच टेबलावर २४ आणि १२

प्रश्न: आम्ही राजारामपुरीत दर रविवारी दुपारी पाच जण जमून डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून गोष्ट रंगवण्याचा भूमिका-खेळ खेळतो. पाचव्या आवृत्तीची २०१४ ची नियमपुस्तके वापरतो आणि डीएम, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा डंजन मास्टर, मी आहे. पार्टी, म्हणजे बाकी चौघांच्या पात्रांचा गट, सहाव्या लेव्हलला आहे. फायटर, म्हणजे योद्धा, खेळणाऱ्या मित्राकडे प्लस वन (म्हणजे जादूने एक अंक जास्त देणारे) प्लेट आर्मर, प्लस वन शील्ड आणि रिंग ऑफ प्रोटेक्शन आहे, शिवाय त्याने डिफेन्स ही फायटिंग स्टाइल घेतल्यामुळे त्याचा एसी (आर्मर क्लास, म्हणजे हल्ला लागण्यासाठी शत्रूला गाठावा लागणारा आकडा) २४ झाला आहे. विझार्ड, म्हणजे जादूगार, माझी मावसबहीण खेळते, तिचा एसी १२. आणखी एक मित्र रोग (Rogue, म्हणजे लपूनछपून काम करणारे पात्र) खेळतो. फायटरला काहीच लागत नाही म्हणून गेल्या काही सेशनपासून मी सगळ्या मॉन्स्टरांचा अटॅक बोनस ४ ने वाढवला. आता तो अधूनमधून जखमी होतो, पण बहीण प्रत्येक लढाईत सुरुवातीलाच कोसळते आणि उरलेला वेळ फोन बघत बसते. फायटरच्या वस्तू कथेत चोरीला गेल्या असे दाखवावे का? पुढच्या खजिन्यात छापील साहसाप्रमाणे प्लस टू शील्ड आहे, ती द्यावी का? क्लेरिक, म्हणजे मंत्र टाकणारा पुरोहित, खेळणारा मित्रही विचारतो आहे की ७५० सोन्याच्या नाण्यांचे हाफ प्लेट घ्यावे की ४०० चे ब्रेस्टप्लेट?
एक डीएम, कोल्हापूर

उत्तर: तुमच्या पत्रात मला सर्वांत गंभीर वाटलेली गोष्ट म्हणजे तुमची बहीण फोन बघत बसते ही. चार खेळाडूंपैकी एकीला दर रविवारी अर्धी दुपार नुसते बघत काढावी लागत असेल, तर बाकी सगळे प्रश्न त्यानंतर येतात. हा प्रश्न मात्र चिलखताच्या हिशोबातूनच निर्माण झाला आहे, त्यामुळे आपल्याला आकड्यांपाशी जावेच लागेल. माझे मत आधीच सांगून ठेवतो: वस्तू चोरीला घालवू नका, प्लस टू शील्ड या खजिन्यातून काढा, आणि मॉन्स्टरांना दिलेला वाढीव बोनस येत्या रविवारीच मागे घ्या.

बोनसापासून सुरुवात करू. नियमपुस्तकातला ओगर हा राक्षस डी-ट्वेंटीच्या, म्हणजे वीस बाजूंच्या, फाशात ६ मिळवून हल्ला करतो. २४ एसीच्या फायटरला लागण्यासाठी त्याच्या फाशावर १८, १९ किंवा २० पडावे लागतात, म्हणजे शक्यता १५ टक्के. १२ एसीच्या विझार्डसाठी ६ पडले तरी पुरते, म्हणजे ७५ टक्के. तुम्ही बोनस १० वर नेलात तेव्हा फायटरला लागण्याची शक्यता ३५ टक्के झाली. साधे प्लेट आणि साधी शील्ड घेतलेल्या, म्हणजे २० एसीच्या फायटरला मूळ ओगर नेमका तेवढ्याच वेळा लागतो. दुसऱ्या शब्दांत, तुम्ही त्याच्या तिन्ही जादुई वस्तू आणि फायटिंग स्टाइल त्याला न सांगता रद्द केल्या आहेत, आणि त्याची किंमत बहिणीने मोजली आहे, कारण तिच्यावरचा हल्ला आता फाशावर १ पडला तरच चुकतो. रोगचा एसी तुम्ही लिहिलेला नाही, पण स्टडेड लेदर हे हलके चिलखत आणि बरी डेक्स्टेरिटी (चपळता) धरली तर तो १६ च्या आसपास असेल, आणि त्याच्यावरचा हल्लाही ५५ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेला आहे. ओगरचा फटका सरासरी १३ हिट पॉइंटचा (जीवनगुणांचा) असतो आणि सहाव्या लेव्हलच्या विझार्डचे हिट पॉइंट बहुधा चाळिशीच्या आतच असतात. बहीण सुरुवातीलाच का कोसळते, याचे उत्तर या हिशोबात आहे.

असे का होते हे समजण्यासाठी या आवृत्तीची घडण लक्षात घ्यायला हवी. हा खेळ १९७४ पासून चालत आला आहे आणि प्रत्येक आवृत्तीने चिलखताचा हिशोब वेगळ्या रीतीने मांडला आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत तर एसी जितका कमी तितका चांगला असे, आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने ती दिशा उलटवली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत ठरावीक लेव्हलला ठरावीक प्लसची वस्तू हातात असणार हे गृहीत धरूनच मॉन्स्टरांचे आकडे बेतलेले होते. पाचव्या आवृत्तीने हे गृहीतक काढून टाकले. इथे पहिल्या लेव्हलला मिळणारा २ चा प्रोफिशियन्सी (प्रावीण्याचा) बोनस विसाव्या लेव्हलपर्यंत फक्त ६ वर जातो, आणि मॉन्स्टरांचा हल्लाही त्याच संथ गतीने वाढतो, जेणेकरून शंभर गॉब्लिनांची टोळी मोठ्या वीरालाही भारी पडावी. या संथ चढावर एकेक प्लस फार मोठा ठरतो. एकाच खेळाडूच्या अंगावर असे तीन प्लस साचले की तो बाकीच्यांपासून इतका दूर जातो, की दोघांनाही योग्य ठरेल असा मॉन्स्टर शोधणे डीएमला जवळजवळ अशक्य होते.

त्यातही सगळे प्लस सारखे नसतात. ओगरसमोर २४ चा एसी २५ झाला की लागण्याची शक्यता १५ वरून १० टक्के होते, म्हणजे फायटर आतापर्यंत खात होता त्यातला एक तृतीयांश मार एकदम कमी होतो. २६ झाला की ती ५ टक्क्यांवर येते, म्हणजे उरलेला मारही निम्मा होतो, आणि २० पडले की हल्ला लागतोच असा नियम असल्यामुळे तिथे शेवटची पायरी लागते. बहिणीचा एसी १२ वरून १३ केला तर ७५ चे ७० टक्के होतात, म्हणजे पंधरापैकी एक फटका वाचतो. ज्याच्याकडे आधीच पुष्कळ आहे त्याला पुढचा प्लस सर्वांत जास्त फळतो. छापील साहस लिहिणाऱ्याला तुमच्या फायटरच्या अंगावर काय आहे हे माहीत नव्हते, तुम्हाला माहीत आहे, आणि म्हणून ती प्लस टू शील्ड काढण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

इथे अनेक डीएम वस्तूच्या दुर्मिळतेकडे बघून निर्धास्त राहतात. प्लस वन शील्ड अनकॉमन आहे, मग देऊन टाकू, असे त्यांना वाटते. प्लस वन आर्मर मात्र रेअर गणले जाते, जरी दोन्हींचा एसीवर परिणाम एकच असतो. उडता येणारे विंग्ड बूट्स अनकॉमन गटात आहेत आणि तिसऱ्या लेव्हलला ते अख्ख्या मोहिमेचा नकाशा बदलून टाकू शकतात. एका वेळी तीनच वस्तूंशी अट्यूनमेंट (वस्तूशी जादुई नाते जोडणे) करता येते, ही मर्यादाही तुमच्या अडचणीत कामाला येत नाही, कारण साध्या प्लस वन आर्मर आणि शील्डला अट्यूनमेंट लागतच नाही. तुमच्या फायटरच्या तिन्ही वस्तूंपैकी फक्त अंगठीला लागते. वाटपाचा अंदाज घ्यायचा असेल तर २०१७ च्या पूरक नियमपुस्तकातला हिशोब पाहा. पहिल्या ते विसाव्या लेव्हलपर्यंत संपूर्ण पार्टीला मिळून १०० जादुई वस्तू, आणि त्यांतल्या फक्त २० मोठ्या; चौथ्या लेव्हलपर्यंत मोठ्या वस्तू २, आणि पाचव्या ते दहाव्या लेव्हलच्या टप्प्यात ६. तुमच्या एका फायटरकडे सहाव्या लेव्हलला अशा तीन आहेत. म्हणजे साधारण चौघांच्या वाट्याचे एकट्याकडे गेले आहे, आणि पुढची दोन-तीन साहसे तरी बाकीच्यांचा वाटा आधी निघायला हवा.

आता चोरीविषयी. तुमच्या मित्राने शील्ड धरण्यासाठी दोन हातांची तलवार सोडली आहे. ग्रेटसोर्डचे सरासरी नुकसान ७ आणि एका हाताने धरलेल्या लाँगसोर्डचे साडेचार, म्हणजे प्रत्येक फटक्यामागे त्याने अडीच पॉइंट जाणूनबुजून गमावले आहेत. फायटिंग स्टाइलसुद्धा त्याने बचावाचीच घेतली. हा माणूस तुम्हाला पहिल्या दिवसापासून सांगतो आहे की त्याला पुढे उभा राहणारा, न हलणारा योद्धा खेळायचा आहे. त्याला मिळालेल्या वस्तू एका रात्रीत नाहीशा केल्यात, तर तो त्या चोराच्या मागे लागेल आणि पुढची चार-पाच सेशने त्यातच जातील. शिवाय डीएमने दिलेले डीएम परत घेतो हे टेबलावरच्या सगळ्यांच्या लक्षात राहील. काही जण अशा वेळी रस्ट मॉन्स्टर सोडायला सांगतात. तो पाचव्या आवृत्तीत फक्त बिनजादूचे लोखंड गंजवतो. प्लस वन प्लेटला त्याच्यापासून काहीही भीती नाही, आणि क्लेरिकने नुकतेच विकत घेतलेले चिलखत मात्र जाईल.

त्याऐवजी दोघांशी बोला, आणि खेळ सुरू होण्याआधी बोला. बहिणीला विचारा की तिने मेज आर्मर हा मंत्र घेतला आहे का. १२ या आकड्यावरून वाटते की घेतलेला नाही किंवा ती तो वापरत नाही. पहिल्या पातळीचा एक स्लॉट (मंत्र टाकण्याची एक संधी) खर्चून तिचा एसी आठ तासांसाठी १५ होतो, आणि हल्ला लागल्यावर रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत झटकन करायची कृती) म्हणून शील्ड हा मंत्र टाकला तर पुढच्या पाळीपर्यंत २०. सहाव्या लेव्हलला तिच्याकडे पहिल्या पातळीचे चार स्लॉट असतात, त्यामुळे हे परवडण्यासारखे आहे. मूळ बोनस असलेला ओगर १५ एसीला ६० टक्के आणि २० एसीला ३५ टक्के वेळा लागतो, आणि एवढ्याने तिची सगळी दुपार बदलू शकते. हे तिला कुणी सांगितलेच नसेल, असे अनेक टेबलांवर घडते. नव्या खेळाडूला आगीचा गोळा टाकणारा मंत्र आधी दिसतो आणि अंगरखा राहून जातो.

फायटरला विनंती करा की त्याने रिंग ऑफ प्रोटेक्शन विझार्डला द्यावी. हुकूम करू नका, विनंतीच करा, आणि कारण मोकळेपणाने सांगा. त्याचा एसी २४ चा २३ होईल, जो त्याला जाणवणारही नाही. तिला एसीबरोबर प्रत्येक सेव्हिंग थ्रोवर (मंत्र वगैरेंपासून बचावाच्या फाशावर) १ मिळेल, आणि मार खाऊनही मंत्रावरचे लक्ष टिकवण्यासाठी जो कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह करावा लागतो, त्यावरही तो मिळेल. त्याला अट्यूनमेंट सोडायला एक आणि तिला नव्याने करायला एक, अशा दोन शॉर्ट रेस्ट (खेळातल्या छोट्या विश्रांती) पुरतात. माझा अनुभव असा आहे की ढाल घेऊन पुढे उभे राहायला आवडणाऱ्या खेळाडूला आपल्या मागच्या माणसाला वाचवायलाही आवडते. त्याला तशी संधी कुणी दिलेली नसते एवढेच.

मॉन्स्टरांचे आकडे मूळ जागी आले की फायटरला अडचणीत कसे आणायचे, हा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते डीएमचे खरे काम इथे सुरू होते. एसी फक्त एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: फटका लागला की नाही. बाकीचे प्रश्न त्याला विचारा. होल्ड पर्सन या जागीच खिळवणाऱ्या मंत्राला विज्डमचा सेव्ह लागतो, आणि फायटरची पक्की तयारी फक्त स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हची असते. कुस्तीसारखी पकड घालणाऱ्या शत्रूला २०१४ च्या नियमांत एसी बघावाच लागत नाही, तिथे अ‍ॅथलेटिक्सची झुंज होते. हीट मेटल हा मंत्र त्याच्याच चिलखताला दर पाळीला तापवतो, आणि प्लेट उतरवायला पाच मिनिटे लागत असल्यामुळे त्याला तो मंत्र टाकणाऱ्याकडेच धावावे लागते. कोबोल्डसारखे टोळीने लढणारे प्राणी अ‍ॅडव्हांटेज घेऊन दोन फासे टाकतात आणि त्यांतला मोठा आकडा धरतात, त्यामुळे जिथे १५ टक्के होते तिथे जवळजवळ २८ टक्के होतात, आणि मागे उभ्या असलेल्या विझार्डचे काहीही वाईट होत नाही. प्लेट चढवायला दहा मिनिटे लागतात, त्यामुळे रात्रीच्या छाप्यात तो अंगात चिलखत नसताना उठेल. पण हे एखाद्याच वेळी करा. दर रात्री छापा पडू लागला तर तीही चोरीच झाली.

याहून महत्त्वाचे म्हणजे लढाईचा हेतू बदला. तुम्ही कोल्हापूरचे आहात, पन्हाळा तुमच्यापासून वीसेक किलोमीटरवर आहे, त्यामुळे १६६० चा तो प्रसंग तुम्हाला मी सांगायला नको. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघालेल्या शिवाजी महाराजांना विशाळगड गाठायचा होता, आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी अडवून धरलेल्या सैन्याला त्यांच्यापर्यंत पोहोचायचे होते. त्या खिंडीत शत्रूला किती मारले याला महत्त्व नव्हते, मागच्यांना किती वेळ मिळाला याला होते. अशी लढाई तुमच्या टेबलावर मांडून पाहा. अरुंद वाट, पुढे एकटा फायटर, मागे कुणाला तरी सुखरूप पोहोचवायचे, आणि ठरावीक राउंडनंतर इशारतीची तोफ. तिथे त्याचा २३ चा एसी सार्थकी लागेल, आणि त्याला तो पुरेपूर लागू द्या. शत्रूचे फटके ढालीवर आदळत असल्याचे वर्णन करा. त्यानंतरच्या साहसात मोकळे मैदान द्या. या खेळात शत्रूला स्वतःकडे खेचून धरण्याचा आपोआप चालणारा नियम नाही. फायटरकडे एका फेरीत एकच रिअ‍ॅक्शन असते, म्हणजे चार जण त्याला वळसा घालून मागे गेले तर त्यांतल्या एकावरच त्याला हात उगारता येतो. तेव्हा त्याला कळेल की आपण स्वतः न लागण्याइतके भक्कम आहोत, पण इतरांचे रक्षण करण्यासाठी आणखी काही शिकायला हवे. आठव्या लेव्हलला त्याने सेंटिनेल हा फीट (शत्रूला अडवून धरण्याचे खास कौशल्य) घेतला तर त्या मैदानातल्या लढाईचे चीज झाले असे समजा.

खजिन्यात प्लस टू शील्डच्या जागी काय ठेवायचे? मी आकडा न वाढवणारी, पण नवे काही करू देणारी वस्तू ठेवीन. जागी खिळून राहणारा इमूव्हेबल रॉड, न संपणारे पाणी देणारा डिकँटर ऑफ एंडलेस वॉटर, आत भरपूर मावणारी बॅग ऑफ होल्डिंग यांतली कुठलीही पार्टीच्या हाती द्या, आणि खेळाडू त्यांचा असा वापर करतील जो नियमपुस्तक लिहिणाऱ्यालाही सुचला नसेल. फायटरसाठीच काही हवे असेल तर अडमँटाइन या धातूच्या चिलखताचा विचार करता येईल: तसल्या चिलखतावर क्रिटिकल हिट (दुप्पट फाशांचा फटका) साधा फटका होतो, एसी आहे तेवढाच राहतो. मात्र त्याच्याकडे आधीच जादुई प्लेट असल्यामुळे ते बदलून घ्यायचे की नाही ही निवड त्याची असू द्या. वस्तूंना इथले रूप देता आले तर फारच चांगले. न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात एखादी दुपार घालवून तिथली शस्त्रे नीट पाहा. हाताला कोपरापर्यंत झाकणारा दांडपट्टा किंवा जुनी ढाल पाहिल्यावर तुमचे वर्णन पुस्तकी राहणार नाही.

चिलखताच्या निवडीबद्दल तुमच्या टेबलावर सगळे फक्त एसी बघत आहेत असे मला पत्रावरून वाटते, म्हणून रोगचे उदाहरण देतो. त्याची डेक्स्टेरिटी पुढे २० झाली की स्टडेड लेदरमध्ये त्याचा एसी १७ होईल, म्हणजे २०० नाण्यांच्या स्प्लिंट या जड चिलखताइतका आणि साध्या प्लेटपेक्षा फक्त एकाने कमी. तीच डेक्स्टेरिटी त्याला इनिशिएटिव्ह (लढाईत पाळीचा क्रम ठरवणारा फासा), लपणे आणि आगीच्या गोळ्यापासून बचाव या सगळ्यांत मिळते. म्हणून हलके चिलखत घालणारा माणूस कमी सुरक्षित असतो हे खरे नाही, तो वेगळ्या गोष्टींपासून सुरक्षित असतो. त्याने अधिक जड चिलखत घालण्याचा हट्ट केला, तर प्रोफिशियन्सी नसल्यामुळे स्ट्रेंग्थ आणि डेक्स्टेरिटीच्या सगळ्या फाशांवर डिसअ‍ॅडव्हांटेज येईल, म्हणजे दोन फाशांतला लहान आकडा धरावा लागेल, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

आता क्लेरिक. त्याचे डोमेन (त्याच्या देवाचे क्षेत्र) लाइफ, नेचर, टेम्पेस्ट किंवा वॉर असेल तर त्याला जड चिलखत चालते, आणि मग या दोन्हींपेक्षा २०० नाण्यांचे स्प्लिंट घ्यावे. त्यात डेक्स्टेरिटीशिवाय एसी १७ मिळतो, फक्त स्ट्रेंग्थ १५ हवी, नाहीतर त्याची चाल १० फुटांनी कमी होते. डोमेन दुसरे असेल आणि डेक्स्टेरिटी १४ असेल, तर हाफ प्लेटमध्ये १७ आणि ब्रेस्टप्लेटमध्ये १६. हाफ प्लेटमुळे लपण्याच्या फाशावर डिसअ‍ॅडव्हांटेज येतो, ब्रेस्टप्लेटमुळे येत नाही. सगळी पार्टी मिळून लपते तेव्हा निम्मे जण यशस्वी झाले तरी पुरते. चौघांत फायटर प्लेटमुळे बहुधा अपयशी होणार, तेव्हा क्लेरिकही आवाज करू लागला तर रोग आणि विझार्ड या दोघांनाही प्रत्येक वेळी यश मिळावेच लागेल. म्हणून तुमच्या पार्टीत मी ब्रेस्टप्लेट सुचवीन. वाचलेल्या ३५० नाण्यांत ५० चे एक याप्रमाणे हीलिंग पोशनच्या सात बाटल्या येतात, आणि त्यांतल्या निदान दोन बहिणीच्या झोळीत ठेवायला सांगा.